तो विचारतो, आपण हो म्हणतो: घरच्या फोनची एका बैठकीत साफसफाई

माझं झेरॉक्सचं दुकान आहे, दारव्हा तालुक्यात, एसटी थांब्याला लागून. सातबारा, लॅमिनेशन, पासपोर्ट फोटो, ऑनलाइन फॉर्म ही पाटीवरची कामं. पाटीवर नसलेलं आणि ज्याचे पैसे मागायला जीभ रेटत नाही असं काम म्हणजे लोकांचे फोन. माणूस येतो, प्लास्टिकच्या पिशवीतून फोन काढतो, काउंटरवर ठेवतो आणि म्हणतो, "पाय बरं भाऊ, काय झालं याले."

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमचे मोठे बाबा असेच आले. फोन उघडला की एक जाहिरात, ती घालवली की दुसरी, मग 'तुमच्या फोनमध्ये व्हायरस सापडला' अशी लाल पट्टी. फोन हातात धरवत नव्हता इतका तापलेला. काय दाबलं होतं, असं विचारलं तर म्हणाले, "म्या काईच नाई केलं बापा. तो इचारते, मी हो म्हणतो. नाई म्हटलं त पुढं जातच नाई."

रोगाचं मूळ त्यांनीच सांगून टाकलं. फोन बिघडलेला नव्हता. वर्षभरात त्याने पन्नास जागी परवानगी मागितली होती, कधी सरळ, कधी फसवून, आणि मोठ्या बाबांनी घाईघाईत बोट टेकवलं होतं. म्हणून माझ्याकडची दुरुस्ती म्हणजे मुख्यतः दिलेले होकार शोधून परत घेणं. ती कशी करतो ते खाली लिहितो. सगळं अँड्रॉइड फोनचं आहे, आमच्याकडे दुसरा फोन क्वचितच येतो. दिवाळीला पुण्याहून घरी आलेल्या पोरापोरींनी ओसरीवर बसून करावं, असं दोनेक तासांचं काम आहे.

बसायच्या आधी

ज्याचा फोन आहे तो माणूस शेजारी पाहिजे. फोन घेऊन माडीवर जायचं आणि 'झालं' म्हणून परत आणायचा, हे करू नका. कोणतं ॲप त्यांना लागतं हे तुम्हाला माहीत नसतं. आमच्या शेजारच्या काकू एक हिरवं, भंगारासारखं दिसणारं ॲप रोज उघडतात. त्यात फक्त पंचांग आहे. एका हुशार नातवाने ते 'कचरा' म्हणून उडवलं, तर काकू चार दिवस त्याच्याशी धड बोलल्या नाहीत.

आधी विचारा, त्रास नेमका काय आहे. 'फोन हँग होते' यात चार वेगवेगळी दुखणी असतात: जागा भरलेली असते, जाहिराती येतात, डाटा संपलेला असतो किंवा नुसतं नेटवर्क नसतं. लाईन गेल्यावर थोड्या वेळाने नेटवर्कही जातं, कारण टॉवरची बॅटरीही कधीतरी संपतेच. त्यात फोनचा दोष काही नाही आणि तुम्हीही काही करू शकत नाही.

एक वही घ्या, फोन चार्ज करा. डाटाचं गणित मात्र आधीच करून ठेवा. रोजच्या दीड जीबीचा पॅक असेल तर नवा डाटा रात्री बारा वाजता मिळतो आणि जुना उरलेला वाया जातो. म्हणजे अपडेट, बॅकअप असली खादाड कामं रात्री साडेअकराला, उरल्यासुरल्या डाटावर करायची. हे कंपन्या सांगत नाहीत, गावातली पोरं सांगतात.

आणि एक युक्ती. प्रत्येक कंपनीच्या फोनमध्ये सेटिंग्ज वेगळ्या जागी असतात, त्यामुळे मी खाली सांगतो ती वाट तंतोतंत जुळेलच असं नाही. सेटिंग्ज उघडलं की वर भिंगाचं चित्र असतं. तिथे शब्द टाइप करा, थेट जागेवर जाल. फोन मराठीत असेल तर शब्दही मराठीच टाका. फोनमधलं मराठी हाही एक तापच आहे. 'अनुमती द्या' असं आमच्या गावात कोणी कोणाला म्हटलेलं मी ऐकलं नाही. मोठ्या बाबांनी ते 'अनुमती' म्हणजे कोणत्या तरी बाईचं नाव समजून दाबलं होतं.

पहिला होकार: ब्राउझरमधल्या सूचना

व्हायरसच्या लाल पट्ट्या, 'तुम्ही फोन जिंकलात', 'तुमचा हप्ता अडकला आहे' हे सगळं वरून खाली टपकत असेल तर शंभरातल्या नव्वद वेळा चोर क्रोममध्ये असतो.

हे होतं कसं ते पाहा. माणूस गूगलवर 'पीएम किसान यादी' किंवा 'सातबारा' असं शोधतो. वर येणाऱ्या पानांत सरकारी पानासारखं दिसणारं एखादं खासगी पान असतं. ते उघडलं की मधोमध चौकोन येतो: 'तुम्ही रोबोट नाही हे सिद्ध करण्यासाठी अलाउ दाबा.' खरं तर तो चौकोन रोबोटबिबोट काही तपासत नाही. तो सूचना पाठवायची परवानगी मागत असतो. ती एकदा दिली की पान बंद केलं, फोन बंद करून चालू केला, तरी तिथून जाहिराती येतच राहतात, कारण हक्क आपणच दिलेला आहे.

परत असा घ्यायचा. क्रोम उघडा. वर उजवीकडे तीन ठिपके, त्यात सेटिंग्ज, मग साइट सेटिंग्ज, मग सूचना. तिथे परवानगी दिलेल्या साइटची यादी दिसेल. मोठ्या बाबांच्या फोनमध्ये तेवीस नावं होती. त्यांनी वाचायला सुरुवात केली आणि सहाव्या नावावर थांबले. "हे त मी कधीच पाह्यलं नाई." एकेका नावावर बोट ठेवून ब्लॉक करा. आमच्या भागातल्या साध्या वापरासाठी या यादीत एकही नाव लागत नाही, त्यामुळे सगळी उडवली तरी बिघडत नाही. वरचं मुख्य बटणच बंद करून टाका, म्हणजे पुढे कोणतीही साइट विचारणारही नाही.

घाईत असाल तर आणखी छोटी वाट आहे. पट्टी वरून टपकली की तिच्यावर बोट दाबून धरा. ती कोणी पाठवली त्याचं नाव दिसतं आणि तिथल्या तिथे बंद करायची सोय येते. हे मी सगळ्यांना हातात फोन देऊन करायला लावतो. बाकी विसरले तरी दाबून धरायचं एवढं लक्षात राहतं.

त्याच बैठकीत लागणारी सरकारी पानं क्रोममध्ये चांदणी दाबून जपून ठेवा: पीएम किसान, महाभूमीचं सातबाऱ्याचं पान, आपले सरकार. म्हणजे पुन्हा शोधायला नको आणि खोट्या पानावर पाय पडायला नको. सरकारी पत्ता ओळखायची खूण म्हणजे पत्त्याचा शेवट. 'डॉट जीओव्ही डॉट इन' किंवा 'डॉट एनआयसी डॉट इन' हे पहिल्या तिरक्या रेघेच्या अगदी अलीकडे असलं पाहिजे. नावाच्या मधेच 'जीओव्ही' घुसवून शेवटी भलतंच काही असेल तर समजा, चोराने पोलिसाची टोपी घातली आहे.

दुसरा होकार: घरात घेतलेले पाहुणे

क्रोम साफ केल्यावरही फोन उघडताच पूर्ण पडदाभर जाहिरात येत असेल, तर ती एखाद्या ॲपमधून येते. नेहमीचे संशयित ठरलेले आहेत: टॉर्चचं ॲप, क्यूआर स्कॅन करायचं ॲप, 'फोन फास्ट करा', 'बॅटरी वाचवा', 'जंक साफ करा'. यातलं एकही लागत नाही. टॉर्च फोनमध्येच असतो, क्यूआर बहुतेक कॅमेऱ्यांना वाचता येतो. आणि फोन साफ करतो म्हणणारं ॲपच ओसरीवर सगळ्यात जास्त चिखल आणतं.

नेमकं कोण ते पकडायचं असेल तर जाहिरात पडद्यावर असतानाच खालचं चौकोनी बटण दाबा. ज्यांच्या फोनला बटणं नाहीत त्यांनी खालून वर बोट सरकवून थांबायचं. उघडी असलेली ॲप रांगेत दिसतात आणि सगळ्यात पुढे त्या जाहिरातीच्या धन्याचं चित्र असतं. काही लबाड ॲप तिथे कोरं चित्र दाखवतात. मग सेटिंग्जच्या भिंगात 'इतर ॲप्सवर' असं शोधा. दुसऱ्याच्या डोक्यावर चढून बसायची परवानगी कोणाकोणाला दिली आहे, ती यादी येते. तिथे व्हॉट्सॲप, फोनचे स्वतःचे ॲप असणं ठीक. टॉर्चला त्या यादीत काय काम? परवानगी बंद करा आणि ॲपही काढा.

काढायला गेलं तर काढताच येत नाही असं झालं तर फोन सेफ मोडमध्ये चालू करा. बंद करायचं बटण दाबून धरल्यावर 'पॉवर ऑफ' असं येतं, त्यावरच पुन्हा बोट दाबून धरलं की बऱ्याच फोनमध्ये सेफ मोडची विचारणा होते. त्यात बाहेरून घेतलेली ॲप गप्प असतात, तेव्हा गुमान निघतात. फोन पुन्हा बंद-चालू केला की नेहमीसारखा.

आता या भागातलं सगळ्यात गंभीर काम. सेटिंग्जमध्ये 'ॲक्सेसिबिलिटी' शोधा. ही सोय दिसायला-ऐकायला त्रास असलेल्या लोकांसाठी आहे. ज्या ॲपला ती मिळते ते पडद्यावरचं वाचू शकतं आणि तुमच्या जागी बटणंही दाबू शकतं. म्हणून चोरांना ती हवी असते. लग्नाची पत्रिका, गाडीचा दंड, शेतकरी योजना अशा नावाने व्हॉट्सॲपवर जी 'एपीके' फाइल, म्हणजे प्ले स्टोअरबाहेरून आलेलं ॲप, येते, ती टाकली की आधी हेच मागते. लग्नाची पत्रिका ही फोटो असते किंवा पीडीएफ. शेवटी 'डॉट एपीके' असलेली पत्रिका कोणत्याही लग्नाची नसते, मग ती पाठवणारा तुमचा सख्खा साडू का असेना. त्याचाही फोन कदाचित चोराच्या हाती गेलेला असेल.

ॲक्सेसिबिलिटीत अनोळखी नाव चालू दिसलं तर तिथेच थांबा. फोन विमानाच्या चित्रावर टाका म्हणजे इंटरनेट तुटेल. दुसऱ्या फोनवरून बँकेला सांगा, नंबर पासबुकावरचा किंवा एटीएम कार्डाच्या मागचा घ्या. गूगलवर शोधलेला 'कस्टमर केअर' नंबर घेऊ नका, तिथेच लोक दुसऱ्यांदा फसतात. पैसे गेले असतील तर १९३० वर फोन करा. सायबर फसवणुकीसाठीचा हा देशभराचा नंबर आहे आणि इथे तासाला किंमत आहे: पैसे पुढच्या खात्यात जायच्या आत कळलं तर गोठवता येतात.

जाता जाता भिंगात 'अज्ञात ॲप्स' शोधून व्हॉट्सॲप आणि क्रोम या दोघांचा ॲप टाकण्याचा हक्क बंद करा. ही एक कडी लावली की एपीके आली तरी दाराबाहेरच राहते.

तिसरा होकार: व्हॉट्सॲपला दिलेली कोठी

'स्टोरेज फुल' हे दुखणं घेऊन येणाऱ्यांच्या फोनमध्ये काय असतं ते मला आता न उघडता सांगता येतं. सुप्रभाताची फुलं, तुकडोजी महाराजांच्या ओळी, 'भावपूर्ण श्रद्धांजली', एकच व्हिडिओ पाच ग्रुपमधून पाच वेळा. गावकरी ग्रुप, भावकीचा ग्रुप, बचतगट, कापूस-सोयाबीन भाव. या सगळ्यांना आपण न विचारता आपल्या कोठीत पोतं टाकायची मुभा दिलेली असते.

आधी आवक थांबवायची. व्हॉट्सॲपमध्ये तीन ठिपके, सेटिंग्ज, मग स्टोरेज आणि डेटा. तिथे मीडिया आपोआप डाउनलोड होण्याचा भाग आहे. 'मोबाईल डेटा वापरताना' यावर जाऊन फोटो, ऑडिओ, व्हिडिओ, कागदपत्रं या चारही खुणा काढा. यापुढे फोटो धुरकट दिसेल, बोट लावलं तरच उतरेल. यात डाटाही वाचतो. मग सेटिंग्जमध्येच चॅट्स उघडून मीडिया गॅलरीत दाखवणं बंद करा, म्हणजे नातवाच्या बारशाचे फोटो शोधताना अडीचशे गुलाब आडवे येणार नाहीत.

मग साठा कमी करायचा. त्याच स्टोरेजच्या पानात सगळ्यात वर 'स्टोरेज व्यवस्थापित करा' असतं. तिथे दोन ढीग व्हॉट्सॲपने स्वतःच लावून ठेवलेले असतात: खूप वेळा फॉरवर्ड झालेलं आणि ५ एमबीपेक्षा मोठं. या दोन ढिगांतच बहुतेक काम होतं. खाली प्रत्येक ग्रुपने किती जागा खाल्ली तेही उतरत्या क्रमाने दिसतं. पहिल्या नंबरवर कोणता ग्रुप आहे हे पाहून मंडळी हमखास हसतात.

आता माझी चूक सांगतो, म्हणजे तुम्ही करणार नाही. एका शेतकऱ्याच्या फोनमधला पाचशेहून जास्त फोटोंचा ढीग मी एका झटक्यात उडवला होता. त्यात काट्याच्या पावतीचा फोटो होता. कापूस विकल्यावर वजनाची जी पावती मिळते, ती त्याने फोटो काढून स्वतःच्याच भावाला पाठवून ठेवली होती, आणि कागदाची पावती पावसात भिजून गेली होती. व्यापाऱ्याशी चार किलोंचा वाद चालू होता. सुदैवाने भावाच्या फोनमध्ये तो फोटो निघाला. तेव्हापासून मी पुसण्याआधी मालकाला एकच विचारतो: पावती, सातबारा, दवाखान्याचे कागद, गेलेल्या माणसाचा आवाज, यातलं काही आहे का? असेल ते आधी गूगल ड्राइव्हमध्ये टाकतो. गूगलच्या एका खात्याला फुकट १५ जीबी जागा असते. मेल, ड्राइव्ह, फोटो हे तिघं मिळून ती वापरतात आणि आता अँड्रॉइडवरच्या व्हॉट्सॲपचा बॅकअपही त्यातच धरतात. त्यामुळे ती कोठीही अथांग नाही.

गॅलरीतून फोटो पुसला तरी जागा लगेच मोकळी होत नाही. तो आधी गॅलरीच्या कचरापेटीत जातो आणि महिनाभर तिथेच पडून असतो. पेटी स्वतः रिकामी करावी लागते. 'एवढं पुसलं तरी फोन फुल्लच' या तक्रारीचं हे उत्तर.

वायफाय नसलेल्या घराचं काय

फोन बनवणाऱ्यांनी एक गोष्ट धरून चाललेली असते, की संध्याकाळी माणूस घरी जाईल आणि फोन वायफायला लागेल. अपडेट आणि फोटोंचा बॅकअप बऱ्याच फोनांत त्या संध्याकाळची वाट पाहत बसतो. आमच्याकडे ती संध्याकाळ येतच नाही. दोन वर्षं ॲप अपडेट होत नाही, आणि मग ऐन पेरणीत बी-बियाण्याचे पैसे द्यायला दुकानात उभं असताना बँकेचं ॲप म्हणतं, आधी अपडेट करा.

म्हणून महिन्यातून एकदा, रात्री साडेअकराला, प्ले स्टोअर उघडून वरच्या गोल चित्रावर बोट ठेवा. 'ॲप्स व्यवस्थापित करा' यात अपडेट बाकी असलेल्यांची यादी येते. सगळ्यांना एकदम करू नका, पॅक संपेल. बँक, पैसे पाठवायचं ॲप, व्हॉट्सॲप आणि क्रोम एवढ्यांनाच करा. गूगल फोटोजमध्ये बॅकअपला मोबाईल डाटा वापरू द्यायची सोय आहे. ती चालू करताना रोजची मर्यादाही निवडता येते, कमीतली निवडा.

दुपारपर्यंतच डाटा संपतो म्हणणाऱ्यांनी यूट्यूबच्या सेटिंग्जमध्ये मोबाईल नेटवर्कसाठी 'डेटा सेव्हर' निवडावा आणि एक व्हिडिओ संपला की दुसरा आपोआप सुरू होणं बंद करावं. कीर्तन ऐकता ऐकता झोप लागते, कीर्तन संपतं, आणि यूट्यूब पहाटेपर्यंत एकटंच जागं राहतं.

फोन आणि मेसेज

जाहिरातींचे कॉल बंद करायला १९०९ वर 'स्टार्ट ०' असा इंग्रजी अक्षरांत मेसेज पाठवा किंवा त्याच नंबरवर फोन लावा. यामुळे नोंदणीकृत कंपन्यांचा त्रास कमी होतो. चोर नोंदणी करून फोन करत नाही, त्यामुळे तो चालूच राहील. १४० ने सुरू होणारा कॉल जाहिरातीचा, हे लक्षात ठेवलं तरी अर्धे फोन न उचलता सुटतात. न मागता लागलेली कॉलर ट्यून किंवा राशिभविष्याची सेवा पैसे खात असेल तर १५५२२३ वर फोन करून बंद करता येते.

मेसेज पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटी आता एक इंग्रजी अक्षर येतं: जी म्हणजे सरकार, टी म्हणजे व्यवहार, ओटीपी त्यातच, एस म्हणजे सेवा, पी म्हणजे जाहिरात. मे २०२५ पासूनची ही सोय. 'हप्ता थांबला, लिंक उघडा' असा मेसेज साध्या दहा आकडी नंबरावरून आला असेल तर सरकारचा त्याच्याशी संबंध नाही.

ओटीपीचं रडगाणं रोजचं आहे. माणूस 'पुन्हा पाठवा' तीनदा दाबतो, नेटवर्क आलं की तिन्ही ओटीपी एकदम धडकतात आणि तो पहिला टाकतो. नवा मागवला की सहसा जुना बाद होतो, शेवटचाच चालतो. म्हणून एकदा दाबायचं आणि थांबायचं. आलाच नाही तर मेसेजच्या ॲपमध्ये 'स्पॅम आणि ब्लॉक केलेले' हा कप्पा पाहा, कधी कधी तिथे अडकून असतो. तिथेही नसेल तर आधारला कोणता नंबर जोडला आहे ते तपासा. माझ्याकडे येणाऱ्यांत बऱ्याच जणांचा आधारचा नंबर पोराचा, जावयाचा किंवा कधीचा बंद पडलेला असतो. बंद पडलेला नंबर कंपनी पुढे दुसऱ्या कोणाला देते. तुमचे ओटीपी मग नाशिककडच्या कोणा अनोळखी माणसाला जात असतात आणि तो बिचारा वैतागतो.

घरातल्या म्हाताऱ्या माणसाकडे बटणांचा फोन असेल तर त्याला डाटाचा पॅक मारू नका. फोन कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या ट्रायच्या डिसेंबर २०२४ च्या नियमानंतर कंपन्यांना नुसत्या कॉल आणि मेसेजचे पॅक ठेवावे लागतात. दुकानदार ते आपणहून सांगेलच असं नाही, मागावे लागतात.

पैसे कटले पण पोचले नाहीत

पहिली गोष्ट, लगेच दुसऱ्यांदा पाठवू नका. आठवडी बाजारात नेटवर्क असं असतं की दोन्ही पोचतात आणि कांदेवाला तोवर उठून गेलेला असतो.

रिझर्व्ह बँकेचा सप्टेंबर २०१९ चा नियम आहे. माणसाकडून माणसाला यूपीआयने पाठवलेले पैसे कटले आणि समोर जमा झाले नाहीत, तर ते पुढच्या दिवसापर्यंत आपोआप परत आले पाहिजेत. दुकानदाराला दिलेले असतील तर पाच दिवसांत. त्यापुढे उशीर झाला तर बँकेने दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायची. बँकेत जाताना त्या व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर नंबर वहीत लिहून न्या. आमच्याकडच्या एका शाखेत 'सर्व्हर डाउन आहे, उद्या या' असं तीनदा ऐकलेल्या माणसाला मी नियमाचं नाव आणि यूटीआर एका कागदावर लिहून दिला. चौथ्यांदा त्याला खुर्ची मिळाली.

पिन पैसे देताना टाकायची, घेताना नाही. क्यूआरसुद्धा पैसे देतानाच स्कॅन करायचा. जुनी बंडी किंवा म्हैस विकायची जाहिरात टाकली की 'ॲडव्हान्स पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा' असा फोन येतो, तो इथेच ओळखावा.

पैशाच्या ॲपमध्ये 'ऑटोपे' असा कप्पा असतो. तोही उघडून पाहा, दर महिन्याला न विचारता पैसे उचलायचा होकार तिथे पडून असतो. एका शिक्षकांच्या खात्यातून वर्षभर जाणारे पैसे तिथे सापडले. कुठल्याशा गेमसाठी नातवाने 'फक्त १ रुपया' म्हणून दाबलं होतं. इंटरनेट नसलं तरी साध्या फोनवरून *९९# लावून शिल्लक पाहता येते आणि ५००० रुपयांपर्यंत पाठवता येतात, हे मात्र अजून फार थोड्यांना माहीत आहे.

वहीत काय लिहायचं

*#०६# लावलं की आयएमईआय हा पंधरा आकडी नंबर दिसतो. तो लिहा, दोन सिमचा फोन असेल तर दोन असतील. बाजारात फोन गेला तर पोलिसात तक्रार द्यायची आणि सरकारच्या संचार साथी या साइटवर फोन ब्लॉक करायचा, तिथे हाच नंबर मागतात. त्याच साइटवर आपल्या नावावर किती सिम चालू आहेत तेही दिसतं. एका माणसाच्या नावावर नऊपर्यंत चालतात. आपल्या नसलेल्या नंबरापुढे 'हा माझा नाही' अशी खूण करता येते. वहीत गूगल खात्याचा मेलही लिहा. पासवर्ड लिहायचा की नाही यावर आमच्या घरी अजून वाद आहे. मी म्हणतो, लिहा आणि सातबाऱ्याच्या फाइलमध्ये ठेवा. ती फाइल घरात कधीच हरवत नाही.

आणि कुठे हो म्हणायचं

हे सगळं करून मोठ्या बाबांना फोन दिला. वर सांगितलं, आता काही विचारलं तर नाही म्हणा. आठ दिवसांनी वावरातून त्यांचा फोन आला. ई-पीक पाहणी चालत नव्हती. त्या ॲपने कॅमेरा मागितला, यांनी नाही म्हटलं. लोकेशन मागितलं, त्यालाही नाही. तूर डोळ्यांसमोर उभी आणि फोनवर तिची नोंद होईना.

तेव्हा हा भाग वाढवला. ॲप जे काम करतं त्यासाठी जे लागतं तेवढंच द्यायचं. पिकाचा फोटो काढायचा आहे तर कॅमेरा हवा, तो कोणत्या गटातला हे कळायला लोकेशन हवं. विचारणा येते तेव्हा बहुतेक वेळा 'ॲप वापरताना' आणि 'फक्त या वेळी' असे पर्याय असतात. यातला पहिला घ्यायचा. पंचांगाला लोकेशन कशाला, असा प्रश्न पडला तर नाही म्हणायचं. चुकून नाही म्हटलं गेलं तर ॲपच्या चित्रावर बोट दाबून धरा, 'ॲप माहिती' येईल, त्यात परवानग्या, तिथे पुन्हा देता येते.

फोनवरच त्यांना हे सगळं करायला लावलं. लोकेशन पकडायला वेळ लागत होता म्हणून धुऱ्यावरच्या निंबाखालून निघून मोकळ्यात उभं राहायला सांगितलं. थोड्या वेळाने म्हणाले, "आता इचारते आहे, फोटो काढू का." मी म्हटलं, काढा. "म्हणजे याले हो म्हणू ना?" हो, याला हो म्हणा.